पंधरा मिनिटांत ख्याल : राष्ट्रीय युवा महोत्सवाला काय गावं?

शेवंती
मंडळी, गाण्यातल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझी भाची कोल्हापूरला एस. वाय.ला आहे. जयपूर घराण्याच्या एका बाईंकडे लहानपणापासून शिकते. यंदा विद्यापीठातर्फे शास्त्रीय गायनात उतरली. इंद्रधनुष्य (राज्यातल्या विद्यापीठांचा महोत्सव) झालं, मग पश्चिम विभागाची फेरी झाली आणि आता भारतीय विश्वविद्यालय संघाच्या राष्ट्रीय युवा महोत्सवाला निवड झाली आहे. पेढे वाटून झाले, आजीने दृष्ट काढून झाली. खरा घोळ आता सुरू झालाय.

नियम असे आहेत : गायन १२ ते १५ मिनिटं. त्याआधी मांडामांड आणि वाद्यं लावायला ५ मिनिटं. साथीला जास्तीत जास्त दोघं. गुण स्वर, ताल, रागाची निवड, बंदिश आणि एकूण परिणाम यांना.

बाईंचं म्हणणं, बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतला मोठा ख्याल, रीतसर मांडणार नसशील तर जाऊच नकोस. विद्यापीठाकडून जे सर मुलांना तयार करतात त्यांचं म्हणणं, विलंबित (संथ भाग) तीन मिनिटांत उरक, एखादा अनवट, फारसं कुणी न गाणारा राग घे, तराणा लाव आणि शेवट तानांनी दणकून कर, परीक्षक तिथेच गुण देतात. पोरगी दोघांनाही "हो" म्हणून घरी येते आणि उशीत तोंड खुपसून बसते. मी काही गाणारी नाही, ऐकणारी आहे. तुम्ही काय सांगाल?

आंबट_चुका
अभिनंदन! घराणं, गुरू, विद्यापीठ आणि परीक्षक एकाच धाग्यात. शंभरी नक्की. मी लाह्या घेऊन पुढच्या रांगेत बसते.

खर्ज
बाईंचं ऐका. विषय संपला.

तरी विचारलंच आहे तर लिहितो. या स्पर्धा हल्ली ज्या तऱ्हेने गायल्या जातात ते ऐकवत नाही. आलाप चाटून जायचा, तालाच्या दुसऱ्या आवर्तनापासून (फेरीपासून) बोल-ताना, चौथ्यापासून सरगम, मग द्रुत म्हणजे जलद बंदिश, मग तराणा, मग तिहाई आणि नमस्कार. लग्नातल्या बुफेत एकाच ताटात पाणीपुरी, मंचुरियन आणि बासुंदी घेतात तसं. राग कुठला होता ते शेवटी सूचीत बघावं लागतं. ज्या वयात षड्जावर नुसतं बसायला शिकायचं त्या वयात मुलं घड्याळाकडे बघत गातात आणि ती सवय पुढे मैफलीतही जात नाही. मी आजची कितीतरी तरुण मंडळी ऐकतो, दीड तासाच्या बैठकीतही त्यांचं गाणं पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत चालतं.

धा_तिरकिट
खर्जराव, नेहमीप्रमाणे तुमचं निम्मं पटलं.

मी याच महोत्सवात तालवाद्यात वाजवलंय. तिथेही पंधराच मिनिटं. पेशकार, कायदे, रेला, गती, चक्रदार सगळं त्यात बसवायचं. माझे गुरुजी म्हणाले, तीनताल सोड, झपताल घे आणि कायदा एकच वाजव, पण त्याला नीट उलगड. मी तसंच केलं. माझ्याआधीच्या मुलाने पंचम सवारी घेतली होती, पंधरा मात्रांची. हात माझ्यापेक्षा कितीतरी तयार, पण नगमा (तालाची फेरी दाखवणारी धून) धरणारा चौथ्या-पाचव्या आवर्तनात चुकला आणि पुढे दोघं दोन वेगवेगळ्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येत राहिले. सभागृहात अर्ध्यांना कळलं नाही, परीक्षकांना कळलं.

सांगायचं इतकंच की घड्याळ वाईट नसतं. सगळं दाखवून टाकायची हाव वाईट. ती हाव दीड तासाच्या मैफलीतही असतेच की. ती काय स्पर्धेनेच लावली?

गोटीराम
याला एसेमेस पाठवायचे असतात का? नंबर द्या, आमच्या ऑफिसात ४० जण आहेत.

आंबट_चुका
गोटीराम, बसा. :)

निवृत्त_निवेदक
आकाशवाणीत नोकरी झाली माझी, त्यामुळे "वेळेने गाणं मारलं" ही तक्रार आयुष्यभर ऐकली आहे. माझा अनुभव उलटा आहे.

स्टुडिओत लाल दिवा लागला की समोर घड्याळ असायचं. मोठमोठे कलाकार त्या घड्याळाखाली गात आणि ठरल्या मिनिटाला समेवर येत. कुणी हाताच्या इशाऱ्यावर, कुणी इशारासुद्धा न बघता. वेळेत राग मांडणं ही वेगळी विद्या आहे आणि ती जमलेल्या माणसाला दोन तास गायला कुणी अडवत नाही.

खर्ज यांनी जरा मागे जाऊन बघावं. गौहरजानने १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मिळत. पुढे कितीतरी वर्षं आपल्या थोरामोठ्यांनी त्या तेवढ्या वेळात राग गायले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकून गाणारे झालेले लोक कमी आहेत का? कुमार गंधर्व तर लहानपणी तबकड्यांवरून हुबेहूब गायचे. १९३६ मध्ये मुंबईच्या जिना हॉलमध्ये प्रो. देवधरांनी भरवलेल्या परिषदेत ते पोर गायलं आणि सभा थक्क झाली, ही गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक असेलच. ते बीज तीन मिनिटांच्या तबकडीतलं होतं.

आकाशवाणीचीही तरुणांसाठी संगीत स्पर्धा असते, १६ ते २४ वयाच्यांसाठी. तिथे समोर श्रोते नाहीत, फक्त माईक. भाचीला सवड असेल तर पुढे तीही बघा. चेहरा, साडी, हातवारे यांपैकी काहीच उपयोगाचं नसतं, त्यामुळे गाण्याचं दूध का दूध होतं.

खर्ज
काका, नम्रपणे सांगतो. तबकडीवर तीन मिनिटं गाणारे लोक तीन-तीन तास गाऊन मग तिथे आले होते. खाँसाहेबांनी आधी तबकडी भरली आणि मग ख्याल शिकले असं झालं नाही. पोरांचं आज उलटं होतंय. तुम्ही अर्काचं उदाहरण देताय, मी म्हणतोय आधी काढा तर उकळू द्या.

निवृत्त_निवेदक
हे मान्य. पण ही मुलगी लहानपणापासून बाईंकडे शिकते आहे असं धाग्यात पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. काढा उकळतोय.

फोंड्याची_पोर
जयपूर म्हटल्यावर आमच्या गोव्याच्या केसरबाई केरकर आल्याच पाहिजेत! त्यांचं गाव केरी आमच्या घरापासून फार लांब नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावर जी सोन्याची तबकडी गेली तिच्यावर भारताचं म्हणून एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांची. परग्रहावरच्या परीक्षकांनी अजून निकाल दिलेला नाही.

आणि गंमत म्हणजे आपलं गाणं कुणी उचलू नये म्हणून सगळ्यात जास्त जपणाऱ्याही त्याच.

गोटीराम
परग्रहावर एसेमेस लागतो का?

दमयंती_के
मी ठाण्यात गाणं शिकवते. दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण इथे सगळे राग आणि तालाबद्दल बोलताहेत आणि मुलीबद्दल कुणीच नाही.

माझ्याकडे येणारे पालक पहिल्या महिन्यात विचारतात, "स्पर्धेत कधी उतरवणार?" मूल दुसरी-तिसरीत असतं. मग घराजवळची स्पर्धा, मग जिल्हा, मग चॅनेलचं ऑडिशन. चषक शोकेसमध्ये, आणि मुलाला भूप रागात मध्यम का नाही असं विचारलं तर ते आईकडे बघतं. अशा मुलांचा मला कंटाळा येत नाही, कणव येते. गाणं सुटतं ते साधारण दहावीत. एका वर्षी एक हुशार मुलगी निकालानंतर चार महिने क्लासलाच आली नाही. आईचा फोन आला, "ती म्हणते मला गाताच येत नाही." तिला दुसरा क्रमांक मिळाला होता, मंडळी. दुसरा.

शेवंतीताई, तुमची भाची वीसेक वर्षांची आहे, तिचं तसं नाही. पण "उशीत तोंड खुपसून बसते" हे वाचून मी थांबले. तिला काय गायचंय हे तिला विचारलंय का कुणी?

शेवंती
दमयंती, खरं सांगू का, विचारलं नव्हतं. आज विचारलं. ती म्हणाली, "मला भीमपलास गायचाय. पण सर म्हणतात भीमपलास सगळेच गातात."

धा_तिरकिट
सगळेच गातात म्हणून तर परीक्षकांना फरक कळतो!

खर्ज
वरील प्रतिसादाला चक्क अनुमोदन. गुणांसाठी अनवट राग घेणं हा शुद्ध आगाऊपणा. जयपूरवाल्यांकडे अनवट रागांची खाण आहे हे मान्य, पण ते राग त्यांच्याकडे गाऊन गाऊन मुरलेले असतात. चार आठवड्यांत बसवलेली ललितागौरी परीक्षकाला पहिल्या दोन मिनिटांत कळते.

विंगेतला
मी बरीच वर्षं एका विद्यापीठाच्या संघाबरोबर जातो, सामान, जेवण, प्रमाणपत्रं, रडारड सगळं माझ्याकडे. गाण्यातलं कमी कळतं, पण विंगेत उभं राहून जे दिसतं ते लिहितो. कामी येईल.

क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. सकाळी साडेदहाला नंबर लागेल की दुपारी चारला, आदल्या संध्याकाळपर्यंत पत्ता नसतो. म्हणून एकच राग घेऊन जाऊ नका. सकाळचा एक, दुपारचा एक, दोन्ही सारखेच तयार. वेळेवर अडून बसणारे परीक्षक आता कमी आहेत, पण सकाळी अकराला मारूबिहाग सुरू झाला की एखादा तरी भुवई वर करतोच.

ती पाच मिनिटं फार फसवी. पडदा उघडतो, तबलजी हातोडी काढतो, पेटीवाल्याला खुर्ची हवी असते, ध्वनिवाला विचारतो "इको ठेवू का?" त्याला आधीच ठणकावून सांगा, इको शून्य. मॉनिटरमध्ये तानपुरा जास्त, पेटी कमी. हे गायिकेने सांगायचं नाही, तिच्याबरोबर गेलेल्या माणसाने सांगायचं. ती त्या वेळी फक्त सा लावणार.

साथीला दोघंच म्हणजे तबला आणि पेटी. मग तानपुऱ्यावर कोण? बहुतेक जण मोबाइलवरचा लावतात. लावा, पण फोन विमान मोडवर टाका. एका मुलाच्या अंतऱ्यात "आई कॉलिंग" वाजलं होतं. सभागृह हसलं, त्याला मात्र पुढे काही सुचेना.

आणि बारा मिनिटं झाल्याशिवाय संपवू नका, पंधराच्या पुढे जाऊ नका. घरी घड्याळ लावून रोज एकदा सगळं गायचं. रोज एकदाच, दहादा नव्हे.

शेवंती
विंगेतले, तुमचा प्रतिसाद छापून फ्रीजवर लावला आहे.

आंबट_चुका
वाचनखूण साठवली. गाणं येत नसूनही.

बेंगळुरूचा_बंड्या
एक मुद्दा कुणीच काढला नाही. या स्पर्धेत हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीत एकाच गटात असतं. मी बेंगळुरूत व्हायोलिन शिकलो, घरी मराठी, वाद्यावर त्यागराज. कर्नाटकवाल्यांना पंधरा मिनिटांचा काच जवळपास नसतोच. छोटी आलापना, कृती, तिच्यात पल्लवी-अनुपल्लवी-चरणम् असं रचनेचंच हाडपेर तयार, मग एखाद्या ओळीवर निरवल (तीच ओळ नाना तऱ्हांनी खुलवणं) आणि कल्पनास्वर (आयत्या वेळचं सरगम). वेळ कमी असेल तर छोटी कृती घ्यायची. काहीच कापल्यासारखं वाटत नाही.

हिंदुस्थानीत मात्र बंदिश दोन ओळींची आणि बाकी सगळं तुम्ही बांधायचं. म्हणून वेळ कमी झाला की पहिला बळी बढतीचा, म्हणजे राग हळूहळू वाढवत नेण्याचा, जातो. तेव्हा बाईंचा आग्रह मला समजतो. पण उपाय ख्यालातच आहे, लय बघा. एकताल बारा मात्रांचा; अतिविलंबित एकतालात मिनिटाला बारा मात्रा धरल्या तर एक आवर्तन एका मिनिटाचं. आठ मिनिटांत आठ आवर्तनं, त्यात दोन स्थायी-अंतऱ्यात गेली. जयपूरवाले सोळा मात्रांचा विलंबित तीनताल त्याहून बराच चढा गातात ना? मिनिटाला चाळीस मात्रा धरा, आवर्तन २४ सेकंदांचं. त्याच आठ मिनिटांत वीस आवर्तनं. वीस आवर्तनांत राग उभा राहतो!

खर्ज
हा प्रतिसाद धाग्यातला सर्वोत्तम. मी गणितात कच्चा, पण हे गाऊन पाहिलं आणि पटलं. जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूर दरबारी होते, त्यांची ही लय त्याच मातीत रुजली आहे. कोल्हापूरच्या मुलीने दुसऱ्यांची लय उसनी का घ्यावी?

धा_तिरकिट
खर्जराव चक्क स्पर्धेला सल्ला देताहेत. तारीख लिहून ठेवा रे.

खर्ज
स्पर्धेला नव्हे, ख्यालाला.

पेटीवाली_पमा
इथे पेटीचा उल्लेख फक्त "कमी ठेवा" एवढ्यापुरताच? निषेध! १९४० ते १९७१ पेटी रेडिओवर वर्ज्य होती, आता मॉनिटरमध्येही वर्ज्य?

निवृत्त_निवेदक
पमाताई, त्या बंदीवर बोलायला लागलो तर धागा महिनाभर चालेल. पेटीत श्रुती निघत नाहीत हा मुद्दा खरा होता, बंदी मात्र मला कधीच पटली नाही. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना तर चित्रपटगीतंही रेडिओवरून गेली आणि लोक रेडिओ सिलोन लावून बसले. बंदी घातली की लोक काटा दुसरीकडे फिरवतात.

विंगेतला
पमाताई, कमी म्हणालो ते गायिकेच्या कानाला. श्रोत्यांना पुरेपूर ऐकू येईल, शपथ.

पेटीवाली_पमा
बरं. पण एक सांगते. पेटीवाला तिच्या रोजच्या रियाजातला न्या. ऐनवेळी मिळालेला कितीही मोठा असो, तो तिच्या पुढे पळेल. पंधरा मिनिटांत एकमेकांना ओळखायला सवड नसते.

जालंधरी
भारतीय रेल्वेत असल्यामुळे पंजाबात काही वर्षं काढली, म्हणून थोडं अवांतर. जालंधरला देवी तलावापाशी हरिवल्लभ संगीत संमेलन भरतं, १८७५ पासून. डिसेंबरच्या शेवटी, हाडं गोठवणाऱ्या थंडीत. मुख्य संमेलनाआधी तिथे तरुणांची स्पर्धा असते, देशभरातून मुलं येतात. मराठी माणसाचं या गावाशी जुनं नातं आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांचे चिरंजीव बापूराव (द. वि. पलुस्कर) चौदाव्या वर्षी, १९३५ मध्ये, तिथे पहिल्यांदा गायले. भीमसेनजी गुरूच्या शोधात भटकत होते तेव्हा याच जालंधरला राहिले होते.

मी स्पर्धा ऐकायला जायचो. लोकरीची टोपी घातलेली म्हातारी मंडळी मागच्या रांगांत बसून प्रत्येक मुलाला ऐकायची आणि तिथल्या तिथे निकाल देऊन मोकळी व्हायची. "इसका पंचम ढीला है." परीक्षकांचा निकाल नंतर यायचा, बऱ्याचदा तोच. हातमोजे काढून सतार लावणारी मुलं आणि पुन्हा पुन्हा उतरणाऱ्या तारा, हे बघून मला वाटायचं, इथे जो सुरात लागला तो कुठेही लागेल. शेवंतीताई, महोत्सव उत्तरेत असेल तर थंडीचा विचार करा. घसा तर आहेच, तबल्याचं पानही उतरतं.

गोटीराम
जालंधरकाका, तुमचं रेल्वेत असणं आणि संगीत ऐकणं यात गाड्या वेळेवर कधी सुटल्या?

जालंधरी
आमच्या गाड्या विलंबित एकतालात. बंड्याचं गणित लावून बघा.

दमयंती_के
:D

बक्षिसाबद्दल कुणी काही बोललं नाही म्हणून एक माहिती. पहिलं येवो न येवो, सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती असते, १८ ते २५ वयासाठी, दोन वर्षं, महिना ५००० रुपये. गुरूकडे शिकत राहण्यासाठी आहे ती. मुलाखतीला बोलावतात, गाऊन दाखवावं लागतं. स्पर्धेची तयारी तिथे जशीच्या तशी वापरता येईल. पालक चषकाचे फोटो टाकतात, या अर्जाच्या तारखा मात्र कुणाला माहीत नसतात.

शेवंती
दमयंती, हे अजिबात माहीत नव्हतं. बघते.

आता ताजी खबर. बंड्याचं गणित भाचीने कागदावर लिहून बाईंकडे नेलं. बाई आधी चिडल्या, "गाणं मोजायला कुणी सांगितलं?" मग स्वतःच भीमपलासचं विलंबित लावलं आणि तिला म्हणाल्या, तू मोज. स्थायी, अंतरा, मंद्रापासून तार षड्जापर्यंत बढत, थोडा बोलआलाप, ताना. नऊ मिनिटांच्या आत समेवर! बाई घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "हं." एवढंच.

मग अट घातली. अंतरा गाळायचा नाही. अंतरा गाळलास तर परत दारात येऊ नकोस. तराणा नाही, द्रुत एकच, आणि सरगम घराण्यात नाही म्हणून तुझ्या गळ्यातही नाही. सकाळचा क्रम लागला तर अल्हैया बिलावल, दुपारी भीमपलास.

सरांना हे कसं सांगायचं हा प्रश्न उरला होता. भाचीने सरांना फोन करून भीमपलासचं विलंबित फोनवरच गाऊन दाखवलं. सर म्हणाले, "तानांचा शेवट तेवढा जरा धारदार ठेव." म्हणजे सुटलो.

धा_तिरकिट
सर शेवटी सरच. :) पण ते चूक नाहीत हो. परीक्षक दिवसभर ऐकून थकलेले असतात, समेवरची शेवटची तान त्यांच्या कानात राहते. ती स्वच्छ हवी, लांब नको.

खर्ज
"सरगम तुझ्या गळ्यात नाही." वा! बाईंना माझा नमस्कार सांगा.

मूळ मुद्द्यावर माझं मत मात्र तसंच आहे. ही मुलगी तरेल, कारण तिच्यामागे बाई आहेत. ज्यांच्यामागे फक्त सर आणि घड्याळ आहे त्यांचं काय, याचं उत्तर या धाग्यात मिळालेलं नाही.

बेंगळुरूचा_बंड्या
त्यांच्यामागे अशा बाई नाहीत म्हणून स्पर्धा बंद करायची का? निदान तिथे त्यांना दुसऱ्या गावची त्यांच्याच वयाची मुलं ऐकायला मिळतात. मी स्पर्धेत काय वाजवलं ते विसरलो, पण धारवाडच्या एका मुलाने वाजवलेली सतार अजून आठवते. नंतर आम्ही दोघं रात्रभर वसतिगृहाच्या जिन्यात बसून वाजवत होतो. ते कुठल्या क्लासात मिळणार?

खर्ज
जिन्यातल्या मैफलीला माझा विरोध कधीच नव्हता.

धा_तिरकिट
शेवंतीताई, एक कामाचं विचारायचं राहिलं. भाची कुठल्या पट्टीत गाते? तबला कुणाचा नेणार?

शेवंती
पेटीवरची काळी चार. तबला आयोजक देतील असं पत्रात लिहिलंय.

धा_तिरकिट
अजिबात विसंबू नका! आयोजकांचा तबला नव्वद टक्के वेळा काळी एक किंवा पांढरी दोनचा असतो, आणि पुडी, म्हणजे वरचं कातडं, भुईसपाट झालेली. काळी एकचा तबला काळी चारच्या गायिकेला मध्यमात लागतो. भीमपलासला ते खपून जाईल, मध्यम तिथे मोठाच आहे. पण सकाळचा क्रम लागला आणि बिलावलच्या षड्जाशेजारी तबला सारखा मध्यम बोलत राहिला तर तिचं लक्ष उडेल. लहान तोंडाचा, टिपेचा तबला बरोबर न्या.

मिरजमळा
आजवर नुसता वाचत होतो, आज सदस्यत्व घेतलं. मिरजेत आमच्या घरी टिपेचा तबला पडून आहे, आत्याच्या साथीला असायचा. शाई चांगली आहे, वादी (पुडी ताणणारी चामड्याची पट्टी) बदलावी लागेल. कारागीर आमच्याच गल्लीत आहेत. घ्यायचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पैसे नकोत.

शेवंती
मिरजमळा, केवढे उपकार! व्यनि केला आहे. रविवारी आम्ही दोघी येतो.

धा_तिरकिट
खोड शिसवी आहे का? आणि पुडीचं माप इंचात सांगा. पाचच्या वर असेल तर काळी चारला ताणून फाटेल.

मिरजमळा
शिसवी. पट्टी घेऊन मोजतो, दहा मिनिटं द्या.

आंबट_चुका
पंधरा घ्या.